माग खाली

यशवंतराव शिर्के हे नाव आधी लिहितो, मग काय घडलं ते सांगतो. कारण पुढच्या हकिकतीत प्रोफेसर मोठे दिसतील, माझी फजिती मोठी दिसेल, आणि शिर्क्यांचं काम एवढंसं वाटेल. तसं होऊ नये.

इंदूरच्या सरकारी रेकॉर्ड रूममध्ये ते दफ्तरी होते. म्हणजे जुनी कागदपत्रं काढून देणारे आणि परत जागेवर ठेवणारे. "पणजोबा होळकरांच्या पागेत, आजोबा पलटणीत, वडील पहाऱ्यावर, आणि मी फडताळावर," असं स्वतःच सांगायचे आणि शिडीवरून हसायचे. सगळे त्यांना शिर्केभिया म्हणत, भिया म्हणजे इंदुरी बोलीत भैया. मीही. ते नसते तर ज्या गाडीनं मी इंदूरला आलो तिनंच परत गेलो असतो, आणि आज हे लिहायला हातात पेन्सिल नसती.

झालं असं, की मी ज्यांच्या हाताखाली काम करत होतो त्या प्रोफेसर मोघ्यांचं व्याख्यान शनिवारी होतं आणि मंगळवारी दुपारी मला कळलं की आपण त्यांच्या पुस्तकाचं एक आख्खं प्रकरण चुकवून ठेवलंय.

हे घडलं मध्य भारत नावाच्या राज्यात. ते राज्य नकाशावरून गेलं त्याला आता काही वर्षं झाली. त्या नावाचे छापील कागद आमच्या ऑफिसात अजून शिल्लक आहेत. पाठची कोरी बाजू आम्ही कच्च्या आकडेमोडीला वापरतो. असा एखादा कागद हाताखाली आला की मी तो उलटा करून नाव वाचतो, मग कामाला लागतो.

मी सहावीत शाळा सोडली. वडील गेले म्हणून. आमचं गाव वेंगुर्ल्याच्या बाजूला, अगदी समुद्राला लागून. वडील खोताकडे कारकून, त्यामुळे मला मोडी यायची. मोडी म्हणजे मराठीचीच जुनी लिपी, भरभर लिहायची. हात उचलायचा नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा करायची नाही. शाळा सुटली पण मोडी सुटली नाही. तिच्याच जोरावर प्रोफेसर मोघ्यांकडे काम मिळालं, तीन महिन्यांच्या बोलीवर. कॉलेजातल्या मंडळींनी त्यांना विचारलं होतं, "सहावीपर्यंत शिकलेला माणूस संशोधनाला ठेवता?" हे मला एकानं मुद्दाम येऊन सांगितलं. तेव्हापासून मी त्यांच्या खोलीत चपला वाजवतही चालत नसे.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला समोर बसवलं.

"राऊळ, तुझ्या आजोबांकडे धोतरं किती होती?"

"दोन. एक अंगावर, एक दोरीवर."

"वडिलांकडे?"

"तीन."

"आणि तुझ्याकडे?"

"चार. पण त्यातलं एक फाटकं आहे."

"फाटक्यासकट मोज. मी पुस्तक लिहितोय ते ह्याच्यावरच."

राजांचा आणि लढायांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ. प्रोफेसर आर्थिक इतिहासकार होते. साधा माणूस काय खात होता, काय नेसत होता, त्याच्या घरात दिवा किती वेळ जळत होता, याचा इतिहास. ते म्हणायचे, शेकडो वर्षं पणजोबा जगला तसाच पणतू जगत आला. मग जगात कुठेकुठे दोन-तीन पिढ्यांतच सगळं पालटलं. कपडे वाढले, जन्मलेली पोरं जगायला लागली. ह्याला ते 'ग्रोथ' म्हणत. वाढ म्हटलं की मुलाच्या उंचीसारखं वाटतं, म्हणून इंग्रजीच शब्द ठेवत. ही ग्रोथ माळव्यात कशी आली, आणि येताना कोणाच्या पुढ्यातलं ताट ओढून आली का, हा त्यांचा प्रश्न. कापडगिरणीचा भोंगा वाजला की बोट खिडकीकडे करायचे.

"हा वाजायला लागल्यावर हातमागाचं काय झालं? मेला, असं जो तो छाती ठोकून सांगतो. पण मोजलं कोणी?"

मोजलं होतं एकानं. संस्थानचा एक कारकून तीसेक वर्षांपूर्वी निमाडातल्या विणकरांच्या गावांतून घरोघर फिरला होता. त्याची मोडीतली वही रेकॉर्ड रूममध्ये होती. घरमालकाचं नाव, माणसं, माग, आणि शेवटी शेरा. माझं काम ती वही वाचायची आणि प्रत्येक माग प्रोफेसरांनी आखलेल्या तक्त्यात टाकायचा, 'चालू' किंवा 'बंद'. शेऱ्यात 'माग मोडला' असेल तर बंद. 'घर सोडून गेले' असेल तर बंद. पण पानोपानी एक शेरा येत होता, 'माग खाली'.

आमच्या कोकणातल्या घराला माळा असतो. सामान वर, राबता खाली. मी म्हटलं, ह्यांचंही तसंच असणार, माग खालच्या सोप्यात. कारकून बिचारा किती बारकाईनं लिहितोय! सगळे चालूत टाकले.

प्रोफेसर हरखले. गिरण्यांच्या आधीची एक जुनी मोजणी त्यांच्याकडे होती. ती आणि माझी बेरीज जोडून त्यांनी साइनबोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून मोठा तक्ता करून घेतला. गिरण्यांची निळी रेघ वर चढत गेलेली, मागांची लाल रेघ जवळजवळ सपाट.

"पाहिलंस, राऊळ? जुनं ताट कोणी ओढलं नाही. पंगतीत एक ताट वाढलं."

हातमागवाल्यांना सरकारनं मदत द्यावी की नाही यावर तेव्हा सचिवालयात विचार चालला होता. म्हणून शनिवारी व्याख्यानाला अधिकारीही येणार होते.

आता तो मंगळवार. दसरा झाला होता आणि सरकार ग्वाल्हेरला निघालं होतं. मध्य भारताला राजधान्या दोन होत्या, उन्हाळ्यात इंदूर, थंडीत ग्वाल्हेर. दरवर्षी पेट्या भरायच्या, कागद न्यायचे, पुढच्या उन्हाळ्यात परत आणायचे. रेकॉर्ड रूममध्ये नुसती धूळ आणि सुतळी. शिर्केभिया शिडीवर होते. जुन्या वह्या ज्या कापडात बांधतात त्याला दफ्तरात रुमाल म्हणतात. मला एक वही बांधायची होती.

"कोकणभिया, त्या खिडकीजवळ रुमाल आहे बघ. खाली आहे, तो घे."

खिडकीच्या फळीवर एक रुमाल होता. मी तो बाजूला सारून खालच्या फळीवर पाहिलं. तिथे नव्हता. गुडघे टेकून फळीच्याही खाली पाहिलं.

"अरे काय शोधतो तिथे? उंदीर?"

"रुमाल. खाली आहे म्हणालात ना."

"आणि हाताला लागला तो काय होता? खाली म्हटलं मी, खाली! त्याच्यात काही बांधलेलं नाही!"

"म्हणजे रिकामा?"

"तुमच्याकडे रिकामा, आमच्याकडे खाली. इतना भी नहीं समझता, यार!"

हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे मला ठाऊक होतं. टांगेवाले दिवसभर ओरडत असत. पण घरात मराठी बोलणारा, मराठीत सही करणारा माणूस मराठी बोलताना तसं म्हणेल, हे डोक्यात आलं नव्हतं. मी गुडघ्यांवरच बसून राहिलो.

"शिर्केभिया, जुने कारकूनसुद्धा असंच बोलायचे?"

"जुने म्हणजे आमचे बापच की. मी काय विलायतेहून शिकून आलो?"

मी ती मागांची वही काढली आणि उभ्यानंच पानं उलटत गेलो. 'माग खाली' तर पानोपानी. मी 'माग वर' शोधत होतो. खाली म्हणजे खालच्या मजल्यावर असेल, तर एखादा तरी माग वर हवा. एकही नव्हता.

शिर्केभिया शिडीवरून उतरले. मी त्यांना सगळं सांगितलं. चालू म्हणून टाकलेले निम्मे माग रिकामे होते. शनिवारी प्रोफेसर भर सभेत चुकीचं सांगणार, अधिकारी म्हणणार माग छान चाललेत, मदत कशाला. आणि हे सगळं सहावी शिकलेल्या माणसामुळे.

"वही तर उद्या पेटीत जाणार," मी म्हटलं. "तिकडे कोण उघडणार?"

"कोणी नाही."

"मग?"

"मग काय. मग तू जन्मभर हा रुमाल शोधत बसशील." त्यांनी हात झटकले. "चल. सांगून टाक."

"काढून टाकतील."

"काढतील तर काढतील. पण चूक अर्धी तुझी, अर्धी आमच्या बोलीची. आमच्या अर्ध्याकडून मी येतो ना बरोबर."

प्रोफेसर भाषण वाचत बसले होते. मी उभ्यानं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे खाली म्हणजे रिकामा."

"हो, साहेब."

"मग माझी लाल रेघ?"

"खाली जाते, साहेब."

"कुठल्या अर्थानं, राऊळ?"

मला वाटलं आता जा म्हणतात. ते तक्त्याकडे बघत होते. तो तक्ता त्यांना किती आवडला होता ते मला माहीत होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे.

"मग लोक म्हणतात तेच खरं. गिरणी आली आणि माग बसला," ते हळू म्हणाले. "भाषण बदलायला हवं."

शिर्केभिया दाराशी होते. "प्रोफेसरसाहेब, एक बोलू? आजपर्यंत कागदाला विचारलंत. त्या गावांत माणसं आहेत ना अजून. त्यांना विचारून येऊ."

"तीस वर्षांपूर्वीचं कोणाला आठवणार, शिर्के?"

"कारकून घरात शिरला की गरिबाला जन्मभर आठवतं, साहेब."

गुरुवारी आम्ही दोघं निघालो. "रजा घेतलीत तुम्ही?" मी विचारलं. "घेतली घेतली, तू बस," असं म्हणून त्यांनी पोह्यांची पुडी उघडली. वर शेव, इंदूरच्या रिवाजाप्रमाणे. मोटार महूच्या पुढे गेल्यावर ते माझ्या गावाबद्दल विचारायला लागले. समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. त्यांच्या घराण्यात कोणीच नाही. पणजोबा घोड्यावरून कुठे कुठे गेले, पण समुद्राकडे नाही.

"ते ओहोटीला समुद्र खाली होतो म्हणतात, सच्ची?"

"होतो. सहा तासांनी परत भरतो."

"म्हणजे कारकून ओहोटीला आला तर काय लिहील? समुद्र खाली!"

आणि स्वतःच्याच बोलण्यावर इतके हसले की पुढच्या बाकावरची बाई वळून बघायला लागली. मलाही हसू आलं. मंगळवारनंतर पहिल्यांदा.

मानपूरला मोटार बदलली. घाट उतरला की माळवा संपतो आणि निमाड लागतं, हवा एकदम तापते. वहीतल्या पहिल्या गावात पोचलो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती. वही पेटीत जाण्याआधी मी नावं उतरून घेतली होती, त्या यादीतलं पहिलं नाव विचारलं. घर होतं. सोप्यात जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून एक म्हातारी विणत बसली होती, हलीमाबी. तीस वर्षांपूर्वी ती त्या घरची थोरली सून होती.

शिर्केभियांनी कारकुनाचं नाव काढलं मात्र, तिचा धोटा थांबला.

"वो छतरीवाला? काली टोपी?"

"तोच असेल, अम्मा. त्यानं लिहिलंय, करघा खाली."

"तो और क्या लिखता? खाली ही तो था."

मी यादी मिटली. झालं. पण ती हसत होती. तोंडात दोनच दात.

"अरे बेटा, भरे करघे पे पट्टी थी सरकार की. खाली करघे की माफी. छतरी दिखी नाले के पार, कि ताना लपेटो और ऊपर चढ़ाओ." तिनं मान वर केली. आम्हीही केली. सोप्यावर लाकडी माळा होता. "ताना ऊपर, करघा खाली. साब ने लिखा, पानी पिया, चले गये. शाम को ताना फिर नीचे."

ताणा म्हणजे मागावर चढवलेलं उभं सूत. ते गुंडाळून उचललं की माग रिकामा. मी वहीत एक 'वर' शोधत होतो. तो इथे होता, माळ्यावर. त्याला रकाना नव्हता.

शिर्केभिया उंबऱ्यावर बसून डोळे पुसत होते. "वाह अम्मा! साऱ्या संस्थानाला बनवलंत!"

मी विचारलं, "सगळेच असं करायचे?"

तिचं हसणं ओसरलं. गल्लीच्या टोकाकडे हात केला. "वो दो घर सच्ची खाली थे. मिल में गये, इंदौर. फिर नहीं लौटे." धोटा उचलत म्हणाली, "मेरा देवर भी." आणि परत विणायला लागली.

आम्ही आणखी काही घरं फिरलो. कोणी हसलं, कोणी काही बोललंच नाही, आम्हालाच छत्रीवाले समजून. येताना मोटारीत मी सारखा मनाशी म्हणत होतो, आता 'चालू' लिहायचं की 'बंद'?

प्रोफेसरांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाच विचारलं, "धाकट्या दिराचं नाव विचारलंस?" मी विचारलं नव्हतं. तेवढ्यावरूनच काय ते मला रागावले. मग लाल पेन्सिल घेऊन पेंटरच्या त्या सुंदर रेघेवर मध्ये मध्ये फुल्या मारल्या. रेघ तुटक झाली.

शनिवारी सभागृह भरलं होतं. मी शेवटच्या रांगेत, दाराजवळ, उठून जाता येईल असा. प्रोफेसरांनी रुमालापासून सुरुवात केली. खाली म्हणजे खालच्या मजल्यावर, खाली म्हणजे रिकामा, आणि खाली म्हणजे छत्री दिसल्यामुळे रिकामा. लोक हसले. मग ते म्हणाले, समृद्धी आली की नाही हे ठरवायला आम्ही सरकारी वह्या बघतो, आणि त्या वह्यांत लोकांनी सरकारला जे दाखवलं तेच असतं. काही ताटं वाढली, काही ओढली गेली. किती, ते मला आज सांगता येत नाही.

एका अधिकाऱ्यानं उठून विचारलं, "पण माग चालू होते की बंद? फाइलवर काय लिहायचं?"

"लिहा, की माहीत नाही. आणि पुन्हा मोजायला माणूस पाठवाल तेव्हा आधी पट्टी नाही हे सांगा. छत्री देऊ नका."

भर सभेत त्यांनी माझी चूक माझ्या माथी मारली नाही, हे मला घरी गेल्यावर लक्षात आलं. 'माझ्या सहायकानं चूक केली' असं नाही, 'आम्ही चुकलो आणि सहायकानं पकडलं' असं म्हणाले होते. तीन महिन्यांची बोली पुढे कोणी काढली नाही. हातमागांची नवी मोजणी झाली तेव्हा त्या कामावर मी होतो, छत्रीशिवाय. पुढे सांख्यिकी खात्यात चिकटलो. माझ्या पदाला कॉम्प्युटर म्हणतात. म्हणजे बेरजा-वजाबाक्या करणारा माणूस. हाताखाली नवी मुलं येतात, ग्रॅज्युएट. त्यांना धोतरांचा प्रश्न विचारून उपयोग नाही, सगळे पॅन्ट घालतात. मी एवढंच सांगतो, की आकडा उतरवण्याआधी तो सांगणाऱ्याला कशाची भीती होती ते विचारून घ्या. ते वहीत लिहून घेतात. घेतात आणि विसरतात, मीही त्यांच्या वयात तेच केलं असतं.

आता शिर्क्यांचं राहिलं.

राज्यं एक झाली, दफ्तरं भोपाळला आली, तेव्हा जुन्या सर्व्हिस बुकांची यादी करायचं काम माझ्या टेबलावर आलं. सर्व्हिस बुक म्हणजे नोकराच्या सगळ्या नोकरीची नोंदवही. त्यात 'शिर्के, यशवंतराव' उघडलं. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ग्वाल्हेरची बांधाबांध चालू असताना विनापरवानगी गैरहजर, समज दिली. वार गुरुवार. त्या आठवड्यात कोणालाच रजा द्यायची नाही असा हुकूम होता. नंतर बढतीच्या यादीत त्यांच्याखालचा माणूस वर गेला. शिर्के शेवटपर्यंत दफ्तरीच राहिले.

मी पत्र लिहून विचारलं, तेव्हा का नाही सांगितलंत? उत्तर आलं. "सांगितलं असतं तर तू मोटारीत पोहे खाल्ले नसते. शेव वाया गेली असती."

ते आता रिटायर आहेत. शिडीनं गुडघे खाल्ले. गेल्या पत्रात शेवटी एक ओळ होती, "कोकणभिया, तुझा समुद्र भरलेला आहे ना अजून, का खाली झाला?"

तो शेरा पुसणं माझ्या हातात नाही. पण एक हातात आहे, आणि ते मी इथे छापील अक्षरात लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरता येणार नाही. शिर्केभिया, थंडी सरली की मी इंदूरला येतो, तुम्हाला घेऊन जायला. मीही गेल्या कित्येक वर्षांत घरी गेलेलो नाही. ओहोटी असेल अशा वेळी तुम्हाला वाळूत नेऊन बसवीन. समुद्र लांब गेलेला असेल, तुम्ही काय म्हणाल ते मला माहीत आहे. म्हणा. पण उठायचं नाही. पाणी तुमच्या गुडघ्यांना लागेपर्यंत आपण दोघंही तिथेच बसू.